पिंपरमळ्यात विहीर उपसली तो दिवस

"तवा न्हाई, ताई," रंजना म्हणाली. "मोठा हाय. लहाना तवा न्हाई."

आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात उभ्या होतो. बाहेर कट्ट्यावर मुलाणी हवालदार पोलीस पाटलांबरोबर चहा पीत बसले होते आणि त्यांच्याभोवती गावातली दहा-बारा माणसं कान टवकारून उभी होती. रंजनानं आवाज इतका खाली आणला होता की मला तिच्या ओठांकडे बघावं लागत होतं.

"आणखी काय नाही?"

"दोन लुगडी न्हाईत. एक वाकळ न्हाई. चटणीची बरणी न्हाई." तिनं पदर तोंडाशी धरला. "पितळी तांब्या हाय, पण त्यावरचं फुलपात्र न्हाई."

"हे कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? सासूचा आठ दिस पत्ता न्हाई आन सून भांडी मोजत बसलीया म्हणतील." मग जरा थांबून तिनं विचारलं, "पण ताई, जीव द्यायला निघालेलं माणूस तवा कशाला नेईल?"

पोलीस खात्यात माझं ते पहिलं वर्ष. साल एक्क्याण्णव, एप्रिल महिना. मी बावीस वर्षांची होते. ठाण्यात बायकांमध्ये मी एकटीच, त्यामुळे हुंड्यापासून नळावरच्या भांडणापर्यंत जिथं बाई असेल तिथं मला धाडायचे. पिंपरमळ्याच्या गोजराबाई बाबर सोमवारी सकाळी घरातून गेल्या त्या परतल्याच नाहीत, अशी त्यांच्या मुलानं, हणमंतानं, चौथ्या दिवशी येऊन नोंद केली होती. वय अडुसष्ट, रंग सावळा, उंची पाच फुटांच्या आत, हनुवटीच्या डाव्या बाजूला गोंदण. तीन दिवस कागद तसाच पडून राहिला. मग फौजदारांच्या कानावर गावातल्या गोष्टी यायला लागल्या, तेव्हा त्यांनी तो मुलाणींच्या पुढ्यात टाकला आणि मुलाणींनी माझ्या.

"तुपे, तू घरात जा," ते म्हणाले होते. "मी बाहेर बसतो. बाहेर बसून मला सगळं कळेल, आणि त्यातलं काही खरं नसेल."

तसंच झालं. परतीच्या वाटेवर सायकल हातात धरून चालताना त्यांनी मला सगळं ऐकवलं. एकाच्या मते म्हातारीला लांडग्यानं नेलं. ओढ्याच्या काठाला त्यानं लुगड्याची चिंधी बघितली होती, फक्त आणायची राहून गेली. दुसरा म्हणत होता, ती काशीला गेली. तिसऱ्याच्या मेव्हण्यानं तिला कोल्हापुरात देवळाबाहेर हात पसरून बसलेली बघितली होती. तो तिला ओळखत नव्हता ही गोष्ट वेगळी. पण निम्म्या गावाचं एकाच गोष्टीवर एकमत होतं. रान अजून म्हातारीच्या नावावर होतं, ती अंगठा देत नव्हती, आणि सून माहेरची खमकी. दोन आणि दोन चार.

"आणि हणमंत?" मी विचारलं.

"त्याचं तर विचारूच नको. आई गेली तरी गिरणी चालू ठेवली म्हणून बोलतात. आणि बोलायला कुठं जमतात, तर गिरणीतच. अदपाव दळण घेऊन येतात बघ, नुसतं त्याचं तोंड बघायला."

बाबरांची पिठाची गिरणी गावातली एकुलती. नवरा गेल्यावर गोजराबाईंनी ती तीस वर्षं चालवली होती. गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावून पुन्हा खरबरीत करण्यापासून पट्टा शिवण्यापर्यंत सगळं स्वतः. मग दोन-तीन वर्षांमागं हणमंताच्या ताब्यात दिली. हणमंत पस्तिशीचा, अबोल, भुवयांवर कायम पीठ. मी त्याचा जबाब घेतला तेव्हा तो प्रत्येक प्रश्नाला "व्हय" किंवा "न्हाई" म्हणाला. एकदाच तो पूर्ण वाक्य बोलला: "मी काय केलं न्हाई, ताई." त्याला कुणी तसं म्हटलंही नव्हतं. निदान तोंडावर नाही.

दुसऱ्या दिवशी मी एस. टी. स्टँडवर गेले. गावावरून सकाळी दोनच गाड्या जायच्या, त्यामुळे कंडक्टर शोधायला वेळ लागला नाही. साळुंखे नावाचा जाडजूड माणूस होता. म्हातारी म्हटल्यावर त्यानं नकारार्थी मान हलवली. रोज पन्नास म्हाताऱ्या चढतात म्हणाला.

"तिच्याजवळ तवा असेल," मी म्हटलं.

त्यानं लगेच गुडघा चोळला. "ती होय? पिशवीतनं कड बाहेर आलेली. चांगला लागला मला. वर मलाच म्हणते, बघून चालत जा बाबा."

"कुठं उतरली?"

"तासगावला."

मी हे फौजदारांना सांगायला गेले तेव्हा त्यांच्या टेबलासमोर पिंपरमळ्याची पाच माणसं उभी होती. गावानं देवऋष्याला विचारलं होतं आणि त्याला पाणी दिसलं होतं. पाणी म्हणजे बाबरांची विहीर. उद्या सकाळी दोन इंजिनं लावून विहीर उपसायची, पोलिसांनी हजर राहावं, अशी त्यांची मागणी होती. माझं ऐकून फौजदार म्हणाले, "तवावाली म्हातारी काय एकच असते का, तुपे? उद्या विहिरीत काही निघालं तर सुनेला ताब्यात घ्यायची. तू लागशील." मग माझं तोंड बघून म्हणाले, "सकाळच्या गाडीनं जाऊन ये तासगावला. बारापर्यंत परत."

तासगाव काही लहान नाही. पहिल्या गाडीनं उतरून मी साधी साडी नेसून स्टँडवर उभी राहिले आणि कुठून सुरुवात करावी ते मला कळेना. धर्मशाळा, देऊळ, दवाखाना, हे सगळं सुचलं. पण मग रंजनाचा तवा आठवला. तवा नेला म्हणजे भाकरी करत असणार. भाकरी करायची तर पीठ पाहिजे. आणि जिनं तीस वर्षं गिरणी चालवली, ती बाई दुसऱ्याच्या गिरणीत जाऊन गप्प उभी राहील?

पहिल्या दोन गिरण्यांत काही नाही. तिसरी गणपतीच्या देवळामागच्या बोळात होती. मी गिरणीवाल्याला विचारलं, "एखादी म्हातारी येऊन तुमच्या पिठाला नावं ठेवून गेली का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमची कोण?"

"आली होती ना?"

"चार दिवसांमागं आली. पीठ चिमटीत धरलं, म्हणाली, गरम येतंय, दगडाला टाकी लाव. बाई, सव्वीस वर्षं धंदा करतोय मी." त्यानं खांदे उडवले. "लावली टाकी. खरंच गरम येत होतं. तिकडं बघा, पांढऱ्या भिंतीचं घर. मागच्या खोलीत राहते."

मागच्या खोलीला स्वतंत्र दार होतं. दारात तुळस नव्हती, रांगोळी नव्हती. एक लाकडी खोका उपडा घातलेला आणि त्यावर बसून एक म्हातारी उन्हात पाय पसरून शेंगा फोडत होती. हनुवटीवर डाव्या बाजूला गोंदण. मी समोर उभी राहिले तरी ती उठली नाही. शेंगा माझ्या पुढे केल्या.

"गोजराबाई बाबर?"

"व्हय."

"मी पोलीस ठाण्यातून आले. तुम्ही हरवला आहात."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मी न्हाई हरवले. मी हितं हाय."

"घरच्यांना माहीत नाही तुम्ही कुठं आहात."

"सांगून आलीया मी."

"कुणाला?"

"ज्येला सांगायचं त्येला." त्यांनी टरफलं झटकली. "का, काय झालं?"

मी सगळं सांगितलं. लांडगा, काशी, कोल्हापूर. लांडग्याला त्या हसल्या. विहिरीपाशी आले तेव्हा त्यांचं हसू थांबलं. "आमची विहीर? उपसत्यात? चैताच्या उन्हात? आरं, त्या पाण्यावर जून महिना काढायचा असतो."

"आणि रंजनाला ताब्यात घेणार आहेत. लोकांचं म्हणणं, तिनंच तुम्हाला ढकललं."

गोजराबाईंनी शेंगा खाली ठेवल्या. मग उठल्या, आत गेल्या, चूल विझवली, दाराला कडी घातली आणि पायात चपला सरकवून माझ्यापुढे चालायला लागल्या.  गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाल्या, "रंजनाचं माझ्या डोक्यातच आलं न्हाई बघ. लेकाचं आलं, रानाचं आलं. तिचं न्हाई आलं."

गाडी पिंपरमळ्याच्या फाट्यावर थांबली तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. दोन्ही इंजिनांचा धडधडाट लांबूनच ऐकू येत होता. विहिरीभोवती जत्रेसारखी गर्दी. शेजारच्या दोन वाड्यांवरची माणसंसुद्धा आलेली, बायका डोक्यावर पदर घेऊन, काही जण बांधावर डबे सोडून जेवत बसलेले. पाणी पाटातून वाहून खालच्या पडीक रानात पसरत होतं.

मी पुढे होऊन ओरडणार, तोच गोजराबाईंनी माझा हात धरला.

"जरा थांब. मला ऐकू दे."

त्यांनी पदर पुढे ओढला आणि आम्ही गर्दीच्या मागे जाऊन उभ्या राहिलो. सगळ्यांचे डोळे विहिरीत, मागे कोण बघतंय? शेजारी वाडीवरची एक बाई टाचा उंचावून बघत होती. गोजराबाईंनी तिला विचारलं, "काय झालं वो?"

"तुमाला ठावं न्हाई? सासूला मारून टाकलं सुनेनं. दगड बांधून सोडली."

"कुणी बघितलं?"

"बघायचं काय त्यात? दिसतंच की."

"म्हातारी कशी व्हती?"

"लई गरीब. गाय जशी. कुनाला वर तोंड करून बोलली न्हाई जन्मात."

"तसं न्हाई," गोजराबाई म्हणाल्या. "मी वळखत व्हते तिला. चांगली तोंडाळ व्हती."

"मेलेल्या माणसाला असं बोलू नी," बाई रागावली आणि दोन पावलं पुढे सरकली.

हणमंत विहिरीच्या काठावर उभा होता, हात लोंबत सोडून, पाणी उतरताना एकेक पायरी उघडी पडत होती तिच्याकडे बघत. भुवयांवर पीठ नव्हतं. त्या दिवशी त्यानं गिरणी उघडलीच नसावी. त्याच्या शेजारी फौजदार आणि मुलाणी. आणि पंचवीस-तीस पावलांवर एका बाभळीखाली रंजना बसली होती. सावलीत भरपूर जागा होती. एवढ्या उन्हातही तिथं दुसरं कुणी गेलं नव्हतं.

गोजराबाईंनी ते बघितलं. मग त्या लेकाकडे गेल्या नाहीत, फौजदारांकडे नाही, विहिरीकडे नाही. गर्दीला वळसा घालून सरळ बाभळीखाली गेल्या आणि गुडघ्यावर हात टेकून हळूहळू रंजनाच्या शेजारी बसल्या.

रंजनानं मान वळवली. मी दहा पावलांवर होते. ती ओरडली नाही, रडली नाही. तिनं नुसता हात पुढे करून सासूच्या दंडाला लावला आणि तो तसाच ठेवला.

"जेवलीस?" गोजराबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"मला बी भूक लागलीया."

सगळ्यात आधी जेवत बसलेल्या एका बाईचं लक्ष गेलं. तिच्या हातातला घास तसाच राहिला. तिनं शेजारणीला कोपर मारलं, तिनं पुढच्याला, आणि मग विहिरीकडे असलेली तोंडं एकेक करून बाभळीकडे वळायला लागली.  इंजिनं चालूच होती.

"आधी ती इंजिनं बंद करा," गोजराबाई म्हणाल्या. "पाणी वाया चाललंय."

कुणीतरी पळत जाऊन बंद केली. एकाएकी इतकं शांत झालं की पाटातलं पाणी ऐकू यायला लागलं. हणमंत गर्दीतून वाट काढत आला आणि आईसमोर उभा राहिला. 

"आई, सांगून तरी जायचं."

"सांगितलं की."

"कवा?"

"सोमवारी. गिरणीत. तू पट्ट्यावर व्हतास. मी म्हटलं, हणमंता, मी तासगावला खोली बघितलीया, थोडं दिस तिथं राहते, काळजी करू नगंस. तू मान हलवलीस."

हणमंतानं डोक्याला हात लावला. "गिरणी चालू व्हती?"

"चालूच व्हती. कवा बंद असती?"

तो मटकन खाली बसला. मग पहिल्यांदा मी त्याला हसताना बघितलं, आणि ते हसणं आहे की रडणं हे त्यालाही कळलं नसावं. मुलाणी हवालदारांनी तोंड फिरवून टोपी ठाकठीक केली. गर्दीत कोणीतरी म्हणालं, मला वाटलंच होतं म्हातारी जित्ती असणार. ओढ्याकाठी चिंधी बघितलेला माणूस तोच होता, असं मुलाणींनी मला नंतर सांगितलं.

कागद मिटवायचा तर जबाब घ्यावा लागतो. दुपारी तीनला सगळे ठाण्यात आलो. फौजदार टेबलामागे, समोर बाकावर गोजराबाई, रंजना आणि हणमंत, कडेला मी कागद घेऊन. फौजदार आदल्या दिवसापेक्षा बरेच नरम झाले होते. सुनेकडे बघायचं टाळत होते.

"हं, आजी. घरात काही त्रास? भांडण? घाबरायचं नाही. लेक-सून बाहेर जाऊन बसतील पाहिजे तर."

"बसू द्या हितंच. त्रास न्हाई काय."

"खायला-प्यायला?"

"भरपूर."

"मग गेलात कशाला?"

गोजराबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.  

"मी तेरा वर्साची व्हते, तवा बापाच्या घरातनं नवऱ्याच्या घरात आले," त्या म्हणाल्या. "नवऱ्याच्या घराचं मग लेकाचं घर झालं. माणसं चांगली मिळाली, न्हाई म्हणत न्हाई. पण एक दिस मी एकटी राहिले न्हाई, साहेब. पहाटं चारला उठायचं, कारण सासूला चहा पाहिजे. सासू गेली, मग गिरणीसाठनं. गिरणी सोडली, तरी उठायचंच, सवं पडलेली. म्हटलं, आपल्याला कुणी उठवलं न्हाई, आपल्यावाचून कुणाचं अडलं न्हाई, तर आपण कशा असतो, त्ये एकदा बघावं. मरायच्या आदी."

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. "मग? कशा असता?"

त्यांनी खरोखर विचार केला. "बरी असते की. पहिलं तीन दिस चारलाच जाग आली. चवथ्या दिशी साडेपाच. काल आठला उठले. आठला, साहेब. ऊन तोंडावर आलं व्हतं." त्यांना सांगताना थोडी लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला, हे दोन्ही एकाच वेळी चेहऱ्यावर दिसत होतं. "भाजीवाली इचारती, आजी, काय देऊ. पहिल्या दिशी मला सांगताच येईना. घरात सगळ्यांचं काय आवडीचं ते पाठ, मपलं काय ते ठावं न्हाई. मग रोज एक घेते. घोसाळं न्हाई आवडत मला, कळलं. पन्नास वर्सं खाल्लं."

बाकावरून एक आवाज आला. रंजना हसली होती. मग तिनं पटकन पदर लावला.

"हे कसं लिहायचं?" मी फौजदारांना विचारलं.

त्यांनी छताकडे बघितलं. "लिही. सदर महिला सज्ञान असून स्वतःच्या मर्जीने राहत होती, कोणाविरुद्ध तक्रार नाही." मग गोजराबाईंकडे वळले. "झालं आजी. आता मुलाबरोबर घरी जा."

"जाईन की. आत्ता न्हाई. खोलीचा महिना भरायचा हाय अजून. मग पुढचं पुढं."

 फौजदारांनी माझ्याकडे बघितलं, जसं काही कायद्यात कुठंतरी म्हाताऱ्या बाईला घरी पाठवायचं कलम असेल आणि मला ते माहीत असेल. मी जबाब वाचून दाखवला. गोजराबाईंनी अंगठा उठवला, शाई लुगड्याला पुसली आणि उठल्या.

स्टँड ठाण्यासमोरच होता. तासगावची गाडी लागली होती, साळुंखे दारात उभा. गोजराबाईंना बघून त्यानं आधी पिशवी आहे का ते बघितलं. मी, मुलाणी आणि फौजदारसुद्धा पायरीवर येऊन उभे राहिलो. फौजदार का आले ते मला माहीत नाही.

गोजराबाई चढल्या. त्यांच्या मागोमाग रंजनानंही दांडी धरली. एक पाय पायरीवर ठेवून ती थांबली आणि नवऱ्याकडे वळली. सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "मी आत्यांच्या संगट जाते. दोन दिस. परवा सांजच्या गाडीनं येते."

माझ्या मागून फौजदार म्हणाले, "अहो, आता ही कुठं निघाली?"

हणमंतानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. "सांगितलंय तिनं मला, साहेब," तो म्हणाला. "ऐकलंय मी."

साळुंखेनं घंटी मारली.